घरगुती यूएसबी होस्ट अ‍ॅडॉप्टर बनवणे आणि विकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवड परिसरातून, तसेच तासगाव, जत आणि सीमेपलीकडील अथणीहून आमच्याकडे येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न अ‍ॅडॉप्टर विकत घेणाऱ्यांचे आहेत, काही स्वतः बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि अलीकडे बरेचसे बनवून विकू इच्छिणाऱ्यांचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आलेली असेल तर ती पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओटीजी (ऑन-द-गो), म्हणजेच होस्ट, अ‍ॅडॉप्टर नेमके काय काम करतो? त्याच्या आत चिप असते का?

यूएसबीच्या जोडणीत एक बाजू होस्ट असते आणि दुसरी बाजू उपकरण असते. होस्ट वीज पुरवतो, विचारणा करतो आणि उपकरण त्याला उत्तर देते. संगणकाला जोडलेला फोन हा उपकरण असतो; पण त्याच फोनला पेन ड्राइव्ह किंवा माऊस जोडायचा असेल तर फोनला होस्ट व्हावे लागते. ‘आता तू होस्ट हो’ हे फोनला कळवणे एवढेच अ‍ॅडॉप्टरचे काम आहे. ही व्यवस्था यूएसबी २.० च्या मानकाला डिसेंबर २००१ मध्ये जोडलेल्या ओटीजी पुरवणीतून आली.

साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये चिप नसते. मायक्रो यूएसबीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एक पिन ग्राउंडला जोडलेली असते, आणि टाइप-सीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एक रेझिस्टर असतो. यामुळेच अ‍ॅडॉप्टर फोनचा वेग वाढवू शकत नाही, फोनमध्ये नसलेली सोय निर्माण करू शकत नाही आणि पाच व्होल्टचे बारा व्होल्टही करू शकत नाही. विकणाऱ्याने हे स्वतः नीट समजून घेतले, तर पुढील निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

२. माझ्या फोनवर तो चालेल की नाही, हे विकत घेण्याआधी कसे ओळखायचे?

अँड्रॉइडमध्ये होस्टची सोय ३.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. परंतु सॉफ्टवेअरमध्ये सोय असणे पुरेसे नाही. फोनची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते आणि पोर्टवर ५ व्होल्ट द्यायचे असतात, त्यासाठी लागणारे सर्किट स्वस्त फोनमध्ये अनेकदा बसवलेलेच नसते. ओटीजी तपासून देणारी मोफत अ‍ॅप्स प्रामुख्याने सॉफ्टवेअरची बाजू पाहतात, म्हणून त्यांच्या ‘होय’वर विसंबू नये.

खात्रीचा उपाय म्हणजे नीट चालणारा एक अ‍ॅडॉप्टर आणि लाल दिव्याचा साधा माऊस जवळ ठेवणे. दिवा लागला तर वीज पोहोचली, आणि पडद्यावर बाण आला तर डेटाही पोहोचला. दिवा लागतो पण बाण येत नाही, अशा वेळी डेटाच्या तारा तपासाव्यात. दिवाच लागत नसेल तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजीचे वेगळे बटण आहे का ते पाहावे. वनप्लस, ओप्पो, रिअलमी अशा काही कंपन्यांच्या अनेक फोनमध्ये असे बटण असते, आणि दहा मिनिटे काही जोडलेले नसेल तर ते आपोआप बंद होते. ‘तुमचा अ‍ॅडॉप्टर काल चालला, आज बंद पडला’ या तक्रारीमागे बऱ्याच वेळा हेच बटण असते.

३. मायक्रो यूएसबीचा, म्हणजे छोट्या पिनचा, अ‍ॅडॉप्टर बनवताना तारा कशा जोडायच्या?

मायक्रो प्लगमध्ये पाच पिन असतात : पहिली ५ व्होल्टची, दुसरी डेटा वजा, तिसरी डेटा अधिक, चौथी आयडी आणि पाचवी ग्राउंड. दुसऱ्या टोकाच्या मोठ्या फीमेल सॉकेटमध्ये मात्र चारच पिन असतात : ५ व्होल्ट, डेटा वजा, डेटा अधिक आणि ग्राउंड. रूढ रंग अनुक्रमे लाल, पांढरा, हिरवा आणि काळा असे आहेत. समान नावाच्या पिन एकमेकींना जोडायच्या आणि मायक्रो प्लगच्या आतच चौथी पिन पाचवीला जोडायची. हा शेवटचा जोड म्हणजेच ओटीजी. त्याचा रोध १० ओहमच्या आत असावा लागतो, आणि नीट झाळलेला जोड त्यापेक्षा पुष्कळच खाली असतो.

कागदावर हे सोपे असले तरी या प्लगच्या पिनांमधील अंतर केवळ ०.६५ मिलिमीटर असते. म्हणून सोल्डरिंग आयर्नचे टोक बारीक असावे, आधी फ्लक्स लावावा, तार आणि पाय दोन्हींवर स्वतंत्रपणे पातळ सोल्डर चढवून घ्यावे, आणि मग नवे सोल्डर न घालता तार पायावर टेकवून क्षणभर उष्णता द्यावी. ६३:३७ प्रमाणाचे कथील-शिसे सोल्डर १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, त्यामुळे ड्राय सोल्डरचे, म्हणजे अर्धवट चिकटलेल्या जोडांचे, प्रमाण कमी राहते. उष्णता जास्त वेळ दिली की प्लगचे काळे प्लॅस्टिक मऊ पडते आणि आतली पिन किंचित मागे सरकते. असा प्लग बाहेरून अगदी चांगला दिसतो, पण फोनमध्ये घातल्यावर जोडला जात नाही.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. स्वस्त केबलमध्ये पांढरा आणि हिरवा यांची अदलाबदल सर्रास आढळते, आणि लाल-काळ्याची अदलाबदल झालेली केबलही कधीतरी हाती लागते. प्रत्येक तार मल्टिमीटरच्या बीपवर तपासूनच झाळावी.

४. जुन्या चार्जिंग केबलची पिन कापून वापरली तर चालणार नाही का?

बहुधा नाही. चार्जिंग केबलच्या प्लगमधील चौथ्या पिनेला तारच जोडलेली नसते, आणि प्लग रबरात ओतलेला असल्यामुळे त्या पिनेपर्यंत पोहोचण्यासाठी रबर कोरावे लागते. कोरताना बाजूच्या पिना सुटतात. शिवाय केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. स्वतःपुरता एक अ‍ॅडॉप्टर हौसेने करायचा असेल तर हा उद्योग अवश्य करावा; विकण्यासाठी मात्र सुटा, पाचही पाय बाहेर असलेला, झाळण्याजोगा प्लग घ्यावा.

५. टाइप-सीच्या फोनसाठीही एक पिन ग्राउंडला जोडली की झाले, असे एकाने सांगितले. ते खरे आहे का?

नाही. टाइप-सीमध्ये आयडी पिन नाही. तेथे सीसी नावाची पिन आहे, आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये ही पिन ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडायची असते. फोन हा रेझिस्टर मोजतो, समोर उपकरण आहे असे समजतो आणि पोर्टवर ५ व्होल्ट सोडतो. सीसी थेट ग्राउंडला जोडली तर तो अर्थ राहत नाही आणि फोन काहीच करत नाही.

टाइप-सी प्लगच्या चोवीस जागांपैकी यूएसबी २.० च्या अ‍ॅडॉप्टरला मोजक्याच लागतात : ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या प्रत्येकी चार, डेटाच्या दोन आणि सीसीची एक. चोवीस पाय हाताने झाळण्याचा हट्ट धरू नये. छोट्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पट्टीवर, बसवलेले प्लग मिळतात, त्यांवर रेझिस्टरची जागाही केलेली असते. मात्र त्या पीसीबीवर आधीपासून कोणता रेझिस्टर आहे हे मोजल्याशिवाय ती वापरू नये. कारण पुढील प्रश्नात आहे.

६. काही प्लगवर ५६ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला येतो. तो तसाच ठेवला तर काय बिघडेल?

अ‍ॅडॉप्टर चालणार नाही. ५६ किलोओहमचा रेझिस्टर सीसी आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये असतो आणि तो चार्जिंग केबलसाठी, म्हणजे एका टोकाला संगणकात जाणारा मोठा प्लग आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा केबलसाठी आहे. त्याचा अर्थ ‘समोर वीज देणारा आहे, पण माफकच वीज घे’ असा होतो. होस्ट अ‍ॅडॉप्टरला याच्या नेमके उलट सांगायचे असते.

याच विषयातील खरा धोका मात्र वेगळा आहे. चार्जिंग केबलमध्ये ५६ ऐवजी १० किलोओहमचा रेझिस्टर घातला तर समोरचा पोर्ट ३ अँपिअर देऊ शकतो असा फोनचा समज होतो, आणि लॅपटॉपचा साधा पोर्ट तेवढे देण्यासाठी बनवलेला नसतो. अ‍ॅडॉप्टरबरोबर केबलही बनवून विकण्याचा विचार असेल तर दोन्ही रेझिस्टर वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत आणि डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहावे.

टाइप-सी फीमेल आणि मोठा मेल प्लग असा उलटा अ‍ॅडॉप्टर बाजारात भरपूर दिसत असला तरी टाइप-सीच्या मानकाला तो मान्य नाही. आम्ही तो बनवत नाही.

७. पेन ड्राइव्ह चालतो, पण हार्ड डिस्क लावली की नुसती टिकटिक होते. अ‍ॅडॉप्टर खराब आहे का?

अ‍ॅडॉप्टर बहुधा ठीक आहे; वीज अपुरी पडते आहे. यूएसबी २.० चा संगणकावरील पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० चा ९०० देतो, पण ओटीजीच्या मूळ पुरवणीने फोनवर किमान ८ मिलिअँपिअर देण्याचेच बंधन घातले होते. प्रत्यक्षात फोन त्याहून कितीतरी जास्त देतात, तरी किती द्यायचे ते प्रत्येक कंपनी आपल्या परीने ठरवते. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होतानाच्या क्षणी जास्त वीज ओढते. व्होल्टेज खाली येते, डिस्क थांबते, पुन्हा प्रयत्न करते, आणि तोच टिकटिक आवाज. वारंवार असे होऊ दिल्यास डिस्कमधील मजकुराला धोका असतो. उपाय प्रश्न ९ मध्ये आहे.

८. पेन ड्राइव्हचा दिवा लागतो, पण फाइली दिसत नाहीत.

वीज आणि डेटा ठीक असूनही फोनला ड्राइव्हची मांडणी वाचता येत नसेल तर असे होते. विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला ड्राइव्ह अनेक फोन वाचत नाहीत. फॅट३२ जवळजवळ सर्वत्र चालते, मात्र त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लग्नाच्या लांबलचक चित्रीकरणाची फाइल येथेच अडते. नव्या फोनसाठी एक्सफॅट सोयीचे. फॉरमॅट केल्याने ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, हे ग्राहकाला आधी सांगावे.

९. बाहेरून वीज देणारा, दोन शेपट्यांचा अ‍ॅडॉप्टर घरी बनवता येईल का?

येईल, आणि घरगुती कामात खरी कमाई याच प्रकारात आहे. पण चूक झाली तर नुकसानही याच प्रकारात होते. सरसकट दिसणारी रचना अशी असते : फोनची लाल तार, उपकरणाची लाल तार आणि चार्जरची लाल तार तिन्ही एकत्र झाळलेल्या असतात. होस्ट झालेला फोन स्वतःचे ५ व्होल्ट बाहेर सोडत असतो आणि त्याच तारेवर चार्जर आपले ५ व्होल्ट ढकलतो. दोन्ही तंतोतंत सारखे कधीच नसतात, त्यामुळे एकाची वीज दुसऱ्यात उलटी शिरते. काही फोन हे सहन करतात, काहींचे चार्जिंगचे सर्किट जाते.

आमची रचना साधी आहे. फोनकडून येणारी लाल तार उपकरणापर्यंत न नेता प्लगमध्येच तोडून तिचे टोक इन्सुलेट करतो. उपकरणाला वीज केवळ चार्जरकडून मिळते. डेटाच्या दोन्ही तारा फोनकडून जातात. आणि ग्राउंड मात्र तिघांचेही एकत्र असते. ग्राउंड सोडून दिला तर डेटा चालत नाही. चार्जरकडून येणाऱ्या लाल तारेत आपोआप पूर्ववत होणारा पीटीसी फ्यूज घालावा, म्हणजे उपकरणात शॉर्ट झाल्यास तार तापत नाही. या रचनेत फोन चार्ज होत नाही, हे पाकिटावर स्पष्ट लिहावे. होस्ट चालू असताना फोनही चार्ज व्हावा, ही मागणी वेगळी आहे. त्यासाठी प्रश्न २० पाहावा.

१०. तार लांब केली तर काय हरकत आहे? टेबलापासून प्लग लांब आहे.

तारेला स्वतःचा रोध असतो. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो, आणि वीज जाते तशी परतही येते, म्हणून एका मीटरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो ०.४२ ओहम धरावा. ५०० मिलिअँपिअरला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट होते. २४ गेजची तार वापरली तर हीच घट ०.०८ व्होल्टच्या आसपास राहते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आतून पांढुरकी दिसते, नीट झाळली जात नाही आणि तिचा रोधही जास्त असतो. ती घेऊच नये.

डेटाच्या तारांचे गणित आणखी नाजूक आहे. यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिट वेगाला दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या आणि ९० ओहम इम्पीडन्सच्या (वेगाने बदलणाऱ्या विजेला होणाऱ्या रोधाच्या) असाव्या लागतात. सुट्या, न पिळलेल्या तारांवर माऊस निमूट चालतो, कारण त्याचा वेग १.५ मेगाबिटच असतो, आणि नेमका पेन ड्राइव्ह अडखळतो. म्हणून केवळ माऊस लावून अ‍ॅडॉप्टर ‘पास’ करू नये. आम्ही एका वीतेच्या आतच राहतो.

११. विकण्याआधी प्रत्येक नग कसा तपासावा?

फोनला लावण्याच्या आधी मल्टिमीटर. ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बीप येता कामा नये. आली तर तो नग तेथेच बाजूला. मग चारही तारा टोकापासून टोकापर्यंत तपासाव्यात, डेटाच्या दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना ते पाहावे, आणि मायक्रोमध्ये आयडी ते ग्राउंड बीप, तर टाइप-सीमध्ये सीसी ते ग्राउंड ५.१ किलोओहम मिळते का ते मोजावे. हे सर्व करताना तार प्लगजवळ हलकेच वाकवत राहावे. बीप तुटक येत असेल तर आत ड्राय सोल्डर आहे आणि तो नग ग्राहकाच्या खिशात आठवडाही टिकणार नाही.

यानंतर पेन ड्राइव्ह लावून मोठी फाइल पूर्ण उतरवून घ्यावी. पहिली तपासणी स्वतःच्या जुन्या फोनवर करावी, ग्राहकाच्या फोनवर नव्हे. टाइप-सीचा प्लग दोन्ही बाजूंनी उलटसुलट घालून पाहावा.

१२. आवरण कशाचे करावे? पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात.

झाळणीनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला नाही तर कृष्णाकाठच्या दमट हवेत तो ओलावा धरतो आणि तांबे हिरवे पडते. पुसल्यावर जोडांवर ग्लू गन फिरवावी आणि त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी. तारेचा ताण जोडावर न येता आवरणावर येईल, अशा रीतीने तारेचा पाव इंच भाग ग्लूमध्ये बुडालेला असावा. इन्सुलेशन टेप वापरू नये. उन्हाळ्यात तिचा चिकटपणा सुटतो.

१३. पुरात फोन भिजला, स्क्रीनचा टच गेला. ओटीजी लावून फोटो काढता येतील का?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न पुष्कळ आला आणि दर पावसाळ्यात येतो. चित्र दिसते पण टच चालत नाही, अशा फोनला ओटीजीने माऊस जोडून लॉक उघडता येते आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेता येतात. चित्रच दिसत नसेल तर साधा अ‍ॅडॉप्टर उपयोगी नाही. ओल्या फोनला मात्र काहीही जोडू नये, चार्जरही नाही; पोर्टमध्ये ओलावा असताना ५ व्होल्ट आले की पिना झिजू लागतात. गाळाचे पाणी शिरलेला फोन आधी उघडून स्वच्छ करणाऱ्याकडे न्यावा.

१४. आम्ही मिरजेत तंतुवाद्ये बनवतो. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण फोनवर घ्यायला यूएसबी माइक चालेल का?

साधा यूएसबी माइक बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. माइकला ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देणारा ऑडिओ इंटरफेस मात्र जास्त वीज घेतो, आणि फोनवर तो चालू-बंद होत राहतो. त्याला प्रश्न ९ मधील रचना लागते. येथे एक अडचण हटकून येते : बाहेरची वीज स्वस्त चार्जरची असेल तर मुद्रणात बारीक किणकिण किंवा गुणगुण ऐकू येते. जवारी ऐकवण्यासाठी केलेल्या मुद्रणात ती विशेष खटकते. चार्जरऐवजी पॉवर बँक वापरली की घरातील विजेशी संबंध तुटतो आणि बहुतेक वेळा आवाज जातो. अ‍ॅडॉप्टर बदलून हा दोष जात नाही, म्हणून या कारणासाठी दुसरा अ‍ॅडॉप्टर आम्ही विकत नाही.

१५. दूध संकलन केंद्राचा वजनकाटा फोनला जोडायचा आहे. ओटीजी लावला, पण काहीच होत नाही.

काट्याच्या मागील नऊ पिनांचा पोर्ट आरएस-२३२ पद्धतीचा असतो. तो यूएसबी नाही. मध्ये यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतर तो कन्व्हर्टर ओळखणारे अ‍ॅपही लागते. सीएच३४० किंवा एफटीडीआयच्या चिपचे कन्व्हर्टर अनेक अ‍ॅप ओळखतात. बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, काट्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावा. थर्मल प्रिंटरचेही असेच आहे : अ‍ॅडॉप्टर वाट करून देतो, छपाई अ‍ॅपने करायची असते. बेदाण्याच्या सौद्यांत आणि संकलन केंद्रांवर अशी जोडणी दिवसभर राहते, म्हणून तेथे वाकडा, काटकोनी प्लग द्यावा. सरळ प्लगला धक्का लागून फोनचा पोर्टच ढिला होतो.

१६. सुटे भाग कोठे मिळतील, आणि विक्री किंमत कशी ठरवावी? बाजारात तर अगदी स्वस्तात मिळतात.

एक-दोन नगांपुरते सामान सांगली-मिरजेतील रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते. संख्येने घ्यायचे असेल तर पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जावे, आणि प्लगचे नमुने झाळून पाहिल्याशिवाय शेकड्याने घेऊ नयेत.

किमतीचे एक कल्पित उदाहरण घेऊ. सामान ३० रुपये, दहात एक नग वाया म्हणून ३ रुपये, पाकीट आणि लेबल ५ रुपये, आणि झाळणी व तपासणी मिळून वीस मिनिटांची मजुरी. तासाला १२० रुपये धरले तरी ती ४० रुपये होते. म्हणजे नफा न धरता ७८ रुपये झाले. कारखान्यातील अ‍ॅडॉप्टर याहून खाली सहज मिळतो, आणि त्या किमतीशी झुंजण्यात अर्थ नाही. साधा सरळ अ‍ॅडॉप्टर हाताने बनवून विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाहेरून विजेचा, काटकोनी, ठरावीक लांबीचा, विशिष्ट काट्यासाठी किंवा प्रिंटरसाठी बनवलेला अ‍ॅडॉप्टर तयार मिळत नाही. त्याला दुप्पट-तिप्पट दर ग्राहक आनंदाने देतो, कारण त्याचे अडलेले काम सुटते.

१७. घरून विक्रीसाठी कोणते परवाने लागतात? जीएसटीचे काय?

महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नव्हे, केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, ऐच्छिक आणि मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

वस्तूंच्या विक्रीत महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये उलाढालीची आहे, पण ती राज्यांतर्गत विक्रीला लागू आहे. आपल्या जिल्ह्यासाठी यातील मेख महत्त्वाची आहे : मिरजेहून कागवाड हाकेच्या अंतरावर असले तरी ते कर्नाटकात आहे. तेथे कुरिअरने पाठवलेला एक अ‍ॅडॉप्टरही आंतरराज्य पुरवठा ठरतो आणि त्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. ग्राहक स्वतः येऊन, रोख देऊन, माल हातात घेऊन गेला तर गोष्ट वेगळी. मात्र बिलावर त्याचा कर्नाटकातील पत्ता लिहिण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. ई-कॉमर्स संकेतस्थळांवर नोंदणीशिवाय राज्यांतर्गत विक्री करण्याची मुभा १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

१८. पाकिटावर काय छापावे? यूएसबीचे चिन्ह आणि ‘बीआयएस’ लिहिले तर खप वाढेल का?

आधी काय छापू नये ते पाहू. प्रमाणित यूएसबीचे बोधचिन्ह यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमच्या मालकीचे आहे. चाचण्या आणि परवाना यांशिवाय ते वापरता येत नाही. ‘यूएसबी टाइप-ए सॉकेट’ असे साध्या अक्षरांत वर्णन करण्यास अडचण नाही. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण नोंदणीशिवाय छापणे हा सरळ गुन्हा आहे. पॉवर अ‍ॅडॉप्टर म्हणजे चार्जर, आणि पॉवर बँक यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे, म्हणून २३० व्होल्टवर चालणारी कोणतीही वस्तू घरी बनवून विकण्याच्या फंदात पडू नये. सक्तीच्या वस्तूंची यादी वाढत असते. काम सुरू करताना ती बीआयएसच्या संकेतस्थळावर पाहावी.

माल आधीच पाकिटात बंद करून विकत असाल तर वैधमापनाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, नगसंख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती छापावी लागते, आणि आवेष्टन सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणीसाठी अर्जही करावा लागतो. ग्राहकासमोर तपासून सुटा दिलेला नग यात येत नाही.

१९. ‘तुमच्या अ‍ॅडॉप्टरमुळे फोन जळाला’ असे ग्राहक म्हणाला तर?

अ‍ॅडॉप्टर ताब्यात घेऊन त्याच्यासमोरच प्रश्न ११ मधील मोजमापे करावीत. शॉर्ट किंवा उलट जोड निघाला तर वाद न घालता भरपाईचे बोलावे. मोजमापे बरोबर आली तर ती लिहून द्यावीत. प्रत्येक नगावर क्रमांक टाकून विक्रीआधीची मोजमापे वहीत ठेवली तर हे संभाषण पाच मिनिटांत संपते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विशेष लक्षात घ्यावे असे कलम म्हणजे, उत्पादकाने वस्तूबद्दल दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे वस्तू नसेल, तर हमी देताना निष्काळजीपणा किंवा लबाडी नव्हती हे सिद्ध करूनही त्याची जबाबदारी सुटत नाही. ‘सर्व फोनवर चालतो’, ‘शंभर टक्के सुरक्षित’ अशी वाक्ये म्हणूनच महागात पडतात. कोणत्या प्रकारच्या पोर्टसाठी, कोणत्या कामासाठी आणि किती मिलिअँपिअरपर्यंत, एवढेच लिहावे.

२०. होस्ट चालू असतानाच फोन चार्ज होईल असा अ‍ॅडॉप्टर मिळेल का? आणि आयफोनसाठी?

मायक्रो यूएसबीच्या काही फोन आणि टॅबलेटमध्ये आयडी पिन ग्राउंडला थेट न जोडता १२४ किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडली, तर फोन होस्ट राहून बाहेरून वीजही घेतो. बॅटरी चार्जिंगच्या मानकात ही तरतूद आहे, पण फोन बनवणाऱ्याने ती प्रत्यक्षात घेतलेली असली पाहिजे. अनेकांनी घेतलेली नाही. १२० आणि ३.९ किलोओहमच्या रेझिस्टरांची माळ लावून १२४ किलोओहम जवळपास साधता येतात. या रचनेत फोनची लाल तार जोडलेलीच असते, म्हणून फोनला ही खूण कळत नसेल तर प्रश्न ९ मधील उलट्या विजेचा धोका येथेही राहतो.

टाइप-सीमध्ये हा मार्ग नाही. तेथे होस्ट कोण आणि वीज देणारा कोण हे फोन आणि समोरची चिप पॉवर डिलिव्हरीच्या संवादातून ठरवतात, म्हणजे चिप असलेला तयार हबच लागतो. लाइटनिंग पोर्टच्या आयफोनसाठी प्लगमध्ये अ‍ॅपलची ओळख पटवणारी चिप असावी लागते, त्यामुळे घरगुती अ‍ॅडॉप्टरचा प्रश्नच येत नाही; २०२३ च्या आयफोन १५ पासून टाइप-सी आले आहे आणि त्याला प्रश्न ५ मधील अ‍ॅडॉप्टर लागू पडतो.

१२४ किलोओहमचा अ‍ॅडॉप्टर आम्ही पाकिटात घालून विकत नाही. ज्या फोनसाठी तो हवा आहे तो फोन घेऊन यावे. लाल तारेत मीटर लावून वीज कोणत्या दिशेने जाते ते पाहिल्यावरच तो त्या फोनपुरता दिला जातो.